पाणबुड्याला विचारा

तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरील काश बंदरातून ‘गुलेत’ नावाची लाकडी डोलकाठ्यांची जहाजे प्रवाशांना सकाळी नेऊन सायंकाळी परत आणतात. पूर्वेच्या वाटेवर उलुबुरुन हे भूशिर लागते. प्रवासी तेथले निळे पाणी पाहतात. आम्हां मजूर चळवळीतल्या माणसांना त्याखालचे कष्ट दिसतात.

या समुद्रात पाणबुडे स्पंज काढीत. खोलातून घाईने वर आल्यामुळे कित्येक जण जन्माचे पंगू झाले. १९८२ साली मेहमेत चाकिर या पाणबुड्याने तळाशी ‘कान असलेली धातूची बिस्किटे’ पाहिली. संशोधक स्पंजवाल्यांकडे विचारपूस करीत असत, म्हणूनच ही खबर त्यांच्यापर्यंत पोचली. ती तांब्याची लगड होती! इसवी सनापूर्वी १४ व्या शतकाच्या अखेरीस बुडालेले ते जहाज. त्यावर सुमारे १० टन तांबे आणि १ टन कथील, म्हणजे कासे ओतण्याचेच प्रमाण. १९८४ ते १९९४ उत्खनन चालले. त्या वस्तू बोद्रुमच्या किल्ल्यातील संग्रहालयात आहेत.

गिरणीत यंत्राचा बिघाड प्रथम कामगारालाच कळतो. इतिहासाचेही तसेच आहे. कष्टकऱ्याला पुष्कळ ठाऊक असते; त्याला विचारणारा मात्र कोणी हवा.