न खेळलेला सामना

श्रोतेहो, बास्केटबॉल म्हणजे दहा फुटांवरच्या कड्यात चेंडू टाकायचा खेळ. अमेरिकेचा बिल रसेल हा त्यातला नामांकित गडी. बोस्टनच्या संघातून तो १३ हंगाम खेळला आणि ११ वेळा अजिंक्यपद मिळवून गेला. पण आज सांगायचा आहे तो त्याने न खेळलेला सामना.

१९६१ साली केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन शहरी संघ उतरला होता. तिथल्या हॉटेलात त्याच्या दोन कृष्णवर्णीय सोबत्यांना खायला देईनात. मैदानावर टाळ्या आणि ताटाला मज्जाव! रसेल आणि त्याचे कृष्णवर्णीय सहकारी सामना सोडून सरळ माघारी गेले.

अशा रोखठोकपणाची किंमत पडतेच. बोस्टनजवळच्या त्याच्या घरात शिरून कुणी भिंतींवर शिव्या लिहिल्या. तरी तो दबला नाही. १९६६ साली तो त्याच संघाचा प्रशिक्षक झाला. त्या व्यावसायिक स्पर्धेतला हा पहिला कृष्णवर्णीय प्रशिक्षक. १९६९ साली खेळ सोडला, बोलणं सोडलं नाही. २०११ साली राष्ट्राध्यक्ष ओबामांनी त्याला स्वातंत्र्यपदक दिलं. २०२२ साली तो वारला.

गुरुजी, मुलांना ते ११ विजय जरूर सांगा. पण त्याआधी हा न खेळलेला सामना सांगा.