गाठ आणि नारू
मैत्रिणींनो, आपण कड्याकडच्या बाया. नारूचं नाव आजीकडून ऐकलेलंच असतं. मराठवाड्यात तो होता. पायऱ्यांच्या विहिरीतल्या पाण्यातून त्याची पिल्लं पोटात जायची आणि वर्षभरानं हातभर लांब जंत बाहेर यायचा, बहुतेक पायातून. क्वचित तो स्तनात अडकायचा. तिथंच मेला की त्यावर चुना धरायचा, गाठ लागायची. एक्स-रेत गुंडाळलेला दोराच दिसे!

१९८३-८४ पासून देशभर मोहीम झाली, पायऱ्या बुजवल्या, हातपंप आले. शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात सापडला. २००० साली देश नारूमुक्त ठरला. म्हणजे तरण्या बाईची गाठ आज नारूची नव्हे. हत्तीरोगाचा जंत मात्र अजून सापडतो, तोही सुईनं काढलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर. नुसत्या हाताला जंताची गाठ आणि कॅन्सरची गाठ सारखीच लागू शकते.