फ्रिस्को : पाण्यासाठी थांबलेले गाव

टेक्सास राज्यात डॅलसच्या उत्तरेस फ्रिस्को नावाचे शहर आहे. आपल्याकडील पुष्कळ मुलेबाळे नोकरीनिमित्त त्या भागात स्थायिक झाली आहेत, म्हणून त्या गावाची थोडी हकीकत येथे देत आहोत. तिकडे गेल्यावर नवे रस्ते आणि मोठमोठी दुकाने दिसतात, त्यामुळे या गावाला इतिहास नसावा असेच वाटते. पण तसे नाही.

मूळ गाव लेबनन. गुरांचे कळप उत्तरेकडे हाकण्याची जी शॉनी वाट होती, तिच्यावरचे हे शेतकऱ्यांचे गाव. १८६० साली तेथे टपाल कचेरीही आली होती. पुढे सेंट लुईस-सॅन फ्रान्सिस्को रेल्वेने रूळ टाकले. वाफेच्या इंजिनाला ठरावीक अंतरावर पाणी लागे आणि लेबनन पडले उंचवट्यावर. तेव्हा कंपनीने पश्चिमेस सुमारे चार मैलांवर सखल जागा निवडली आणि फेब्रुवारी १९०२ मध्ये तेथील भूखंडांचा लिलाव केला. लेबननकरांपुढे दोनच मार्ग उरले : मागे राहावे किंवा रेल्वेपाशी जावे. कित्येकांनी राहती घरेच ओंडक्यांवर चढवून नव्या गावी ओढत नेली! आपल्या पूर्वजांनी गाव सोडले तरी त्याचे नाव 'कर' लावून आडनावात जपले. लेबननचे नाव आज फ्रिस्कोतील एका रस्त्याला आहे.

नव्या गावाला प्रथम इमर्सन म्हणत, परंतु टेक्सासमध्ये जवळपास त्याच नावाचे दुसरे गाव असल्याने टपाल खात्याने ते नाकारले. मग १९०४ मध्ये रेल्वेवरूनच फ्रिस्को सिटी आणि पुढे नुसते फ्रिस्को झाले. गंमत अशी की ती रेल्वे सॅन फ्रान्सिस्कोला कधीच पोहोचली नाही. १९०८ मध्ये नगरपालिका स्थापन झाली व पहिले महापौर झाले डॉक्टर आय. एस. रॉजर्स. आम्हां परिचारिकांना ही गोष्ट विशेष आवडली. काळ्या जमिनीत कापूस, गहू होई आणि व्यापार मेन स्ट्रीटवर चाले.

१९६४ पासून गावात जुन्या बॅटऱ्यांतील शिसे वितळवण्याचा कारखाना होता. तो पुढे एक्साइड टेक्नॉलॉजीज या अमेरिकन कंपनीकडे आला. (आपल्याकडील एक्साइड ही वेगळी कंपनी.) तो सुरू झाला तेव्हा गाव लहान होते, कामगारांची घरे त्यावर चालत. पण वस्ती वाढत वाढत कारखान्याला भिडली. शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते व रक्तक्षय आणते. रक्तातील त्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक मानत नाहीत, आणि मूल वरून ठणठणीत दिसते हीच खरी पंचाईत. २००८ मध्ये अमेरिकन सरकारने हवेतील शिशाची मर्यादा दहापटीने कडक केली. कारखान्याभोवतालची हवा त्यात बसेना. रहिवाशांनी आवाज उठवला. अखेर २०१२ मध्ये भोवतालची सुमारे १८० एकर जमीन साडेचार कोटी डॉलरला घेण्याचा करार शहराने केला आणि त्याच वर्षाअखेर भट्ट्या बंद पडल्या. कामगारांची रोजी गेली, हेही नमूद केले पाहिजे. जमिनीत मुरलेले शिसे काढण्याचे काम मात्र त्यानंतरही वर्षानुवर्षे चालू राहिले.

२००० साली ३३,७१४ असलेली लोकसंख्या २०२० मध्ये २,००,५०९ झाली. भारतीय कुटुंबे खूप आली, २०१५ मध्ये मोठे हनुमान मंदिरही उभे राहिले. तिकडे नातवंडांकडे जाणाऱ्यांनी वारसा संग्रहालय अवश्य पाहावे. जवळच रूळ आहेत, आणि त्यांवरून मालगाड्या अजून जातात.