लांब धाव आणि पाणी : ठाणे, कल्याण-डोंबिवली

मॅरेथॉन किंवा अर्धमॅरेथॉनची तयारी करणारे धावपटू आठवड्यातून एकदा, बहुधा रविवारी पहाटे, 15 ते 32 किमी अंतर सावकाश धावतात. या ‘लाँग रन’मध्ये घामावाटे जाणारे पाणी व मीठ किती आणि कसे भरून काढावे, हा ठाणे व कल्याण-डोंबिवलीत केवळ मे महिन्यापुरता प्रश्न नाही. 2004 पासून होणारी मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असली, तरी तिच्यासाठीचे लांब सराव ऑक्टोबरच्या उकाड्यातच सुरू करावे लागतात. ठाणे महापालिकेची वर्षा मॅरेथॉन ऐन पावसाळ्यात होते. तिचा सराव मे-जूनमध्ये येतो.

धावताना खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे तीन चतुर्थांश भागाची उष्णता होते. ती बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग म्हणजे घामाचे बाष्पीभवन. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण उडून गेला, तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. ओघळून बुटात उतरलेला घाम जवळजवळ काहीच नेत नाही. खाडीकाठच्या या पट्ट्यात हवेत आधीच भरपूर बाष्प असते, त्यामुळे घाम वाहतो पण उडत नाही. शरीर पाणी गमावते आणि त्या मोबदल्यात गारवा मात्र अपुरा मिळतो. म्हणून येथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी : पाण्याने घामाची भरपाई होते, साठलेली उष्णता त्याने उतरत नाही. ती कमी करायची तर वेग कमी करावा लागतो. पहाटे सापेक्ष आर्द्रता सर्वाधिक असते, म्हणून उशिरा निघावे, असा एक समज आढळतो. तो चुकीचा आहे. हवेतील प्रत्यक्ष बाष्प पहाटे आणि सकाळी नऊला साधारण तेवढेच असते, वाढते ते तापमान आणि ऊन. पहाटेच निघावे. उन्हाळा सुरू होताना शरीराला या हवेची सवय व्हायला 10 ते 14 दिवस लागतात. तेवढे दिवस अंतरही आवरते घ्यावे.

किती प्यावे, याचे सर्वांना लागू पडणारे एक उत्तर नाही, कारण घामाचा वेग व्यक्तीनुसार ताशी अर्ध्या लिटरपासून दोन लिटरपर्यंत बदलतो. मोजण्याची रीत मात्र घरातल्या वजनकाट्यावर होण्याजोगी आहे. धावण्यापूर्वी आणि नंतर, ओले कपडे काढून, अंग पुसून वजन करावे. घटलेल्या वजनात वाटेत प्यालेले पाणी मिळवावे. 62 किलोचा धावपटू दीड तासाने 60.8 किलो भरला आणि वाटेत त्याने अर्धा लिटर पाणी प्यायले असेल, तर त्याचा घाम 1.7 लिटर, म्हणजे ताशी 1.1 लिटरच्या आसपास. फेब्रुवारी, मे आणि ऑक्टोबर या तिन्ही हवांत हे करून पाहावे. आकडे वेगळे येतील. गेलेले सगळे पाणी धावतानाच परत घालण्याचा अट्टहास नको. पोटाला ते सोसत नाही, आणि वजनाच्या साधारण दोन टक्क्यांपर्यंतची घट बहुतेकांना चालते. तहान लागेल तसे, साधारण दर 20 मिनिटांनी 150 ते 200 मिली, ही बऱ्याच जणांना पुरणारी सुरुवात आहे. उरलेली भरपाई घरी परतल्यावर जेवणासोबत होते. लघवी गडद होणे, उन्हाळी लागणे ही आदल्या दिवशीच पाणी कमी पडल्याची लक्षणे समजावीत.

जास्त पाणी पिणेही घातक ठरते. रक्तातील सोडियम पातळ होऊन डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपण आणि क्वचित मृत्यूही ओढवतो. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 धावपटूंपैकी 13 टक्क्यांत सोडियम प्रमाणापेक्षा कमी आढळले, आणि त्याचा सर्वांत ठळक संबंध शर्यतीत वजन वाढण्याशी होता. संथ धावणाऱ्या, पाण्याच्या प्रत्येक टेबलापाशी थांबून पिणाऱ्या नवख्यांना हा धोका अधिक असतो. धावून वजन वाढले, तर पाणी जास्त झाले असे निःशंक समजावे.

तासाभराच्या धावेला साधे पाणी पुरते. त्यापुढे मीठ लागते. लिटरभर पाण्यात पाव चमचा मीठ घातले की सुमारे 600 मिग्रॅ सोडियम मिळते. त्यात लिंबू पिळून थोडी साखर घातली की झाले सरबत. कोकणातले कोकम सरबत, मीठ-जिरे घातलेले, हे याच कामाचे उत्तम पेय आहे, मात्र बाजारातले गोड कोकम सिरप दुपटीने पातळ करावे. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम त्या मानाने थोडे. धाव संपल्यावर ते खुशाल प्यावे, पण मिठाची जागा ते घेत नाही. ओआरएस, म्हणजे मीठ-ग्लुकोजचे द्रावण, हे मुळात पटकीवरील औषध. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी त्याने असंख्य जीव वाचवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2002 च्या सूत्रात लिटरला 2.6 ग्रॅम मीठ व 13.5 ग्रॅम ग्लुकोज असते. पाकीट सांगितलेल्या पूर्ण पाण्यातच विरघळवावे. ऑक्टोबर 2025 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने गोड पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला मनाई केली. त्यामुळे खरेदी करताना लेबलावरचे सूत्र वाचण्याची सवय आता तरी लागावी.

मार्गाची निवड हा पाण्याच्या सोयीचाच भाग आहे. उपवन, तलावपाळी, कल्याणचा काळा तलाव किंवा ठाकुर्लीचा 90 फुटी रस्ता येथे फेऱ्या मारता येतात, म्हणजे बाटली एकाच जागी ठेवून भागते. घोडबंदर रस्ता किंवा कल्याण-शीळ रस्त्यावर सावली तुटक. तेथे पट्ट्यातल्या बाटल्या किंवा दुचाकीवरचा सोबती हवा. येऊरच्या चढावर पाणी स्वतःजवळच असावे.

पाणी पीत राहिले तरी उष्माघात होऊ शकतो. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यात उन्हात बसलेल्यांपैकी 14 जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला. ते तर धावतही नव्हते. धावपटूला उष्माघात होताना अंग घामाने चिंब असू शकते, त्यामुळे कोरड्या त्वचेची वाट पाहू नये. असंबद्ध बोलणे, तोल जाणे, चिडचिड, धावता धावता कोसळणे ही खूण पुरेशी आहे. शरीराचे तापमान 40 अंशांपुढे गेले की मिनिटे मोलाची ठरतात : सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, बर्फ व गार पाण्याने सर्व अंग भिजवत वारा घालावा, आणि 108 ला फोन करावा. थंड करणे आधी, रुग्णालयात नेणे नंतर. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय असो, कल्याणचे रुक्मिणीबाई की डोंबिवलीचे शास्त्रीनगर, वाटेतही गार पाणी ओतत राहावे. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.