‘एसेक्स’ आणि ‘रामदास’

शिराळ्याला समुद्र नाही. मी तो गिरणगावातून परतलेल्यांच्या तोंडून ऐकला. देवमाशांच्या शिकारीवरचा ‘इन द हार्ट ऑफ द सी’ (२०१५) पाहिल्यावर प्रश्न पडला : दोनशे वर्षांपूर्वीचे हे संकट आपल्यापर्यंत पोहोचले कसे?

२० नोव्हेंबर १८२० रोजी पॅसिफिकमध्ये देवमाशाने धडका देऊन ‘एसेक्स’ फोडले. २० खलाशी ३ होड्यांत उतरले. जवळच्या बेटांवर नरभक्षक असतील या भीतीने त्यांनी लांबची वाट धरली. अखेर त्यांच्यावरच मेलेल्या सोबत्यांचे मांस खाण्याची वेळ आली. वाचले ८. त्यांपैकी ओवेन चेसने १८२१ मध्ये हकीकत छापली. मेल्व्हिलच्या ‘मोबी डिक’ला तिचा आधार मिळाला.

आपल्याकडे मी ‘रामदास’पाशी थांबतो. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबईला कळायलाच काही तास लागले. कोळ्यांनी आपल्या होड्यांतून अनेकांना वाचवले. २९ दिवसांनी स्वातंत्र्य आले आणि ही वार्ता मागे पडली.

त्या दिवशी दहा वर्षांचा असलेला मुलगा आज नव्वदीच्या आसपास असेल. ‘रामदास’चा इतिहास लिहायचा, तर आधी अशा माणसांसमोर वही घेऊन बसले पाहिजे.