दम तुटला का बे?

वरूड मागे टाका. दोन्ही अंगांना संत्र्याच्या बागा, मधेमधे जंभेरीच्या रोपांच्या नर्सऱ्या आणि समोर सातपुडा. तो ओलांडला की मध्य प्रदेश. शेंदूरजनाघाटला उतरलात की मनगटावरचं घड्याळ काढून खिशात घाला. तुम्ही कबड्डीचा जो सामना पाहायला निघालात, तिथे पहिली कित्येक वर्षं घड्याळ नव्हतंच.

1915

वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं, कारभार इंग्रजांचा. ज्वारीची मळणी आटोपली आहे आणि खळं मोकळं पडलंय. चोपून चोपून टणक झालेली ती जमीन म्हणजे गावाचं मैदान. एका पोरानं टाचेनं मधोमध रेघ ओढली, झालं! एका बाजूला किती गडी? आले तितके. तुम्हालाही कोणीतरी दंड धरून ओळीत ओढतो. कपडे काढा, धोतराचा काचा मारा.

पुनवेच्या उजेडात समोरून एक गडी घुसतो. 'हुतूतूतू' एका सुरात चाललंय, नजर मात्र तुमच्या पायावर. तो लाथ फेकतो, तुम्ही वाकून घोटा धरता. चार जण त्याच्या अंगावर पडतात. धूळ नाकातोंडात जाते. त्याचा हात रेघेकडे सरपटतो आहे आणि तोंडातला सूर बारीक, आणखी बारीक होत चाललाय. बोट रेघेला लागतं आणि गलका उठतो.

"दम तुटला तुया!"

"काऊन तुटला? तुले आयकू नाही आलं का बे?"

पंच नाही, शिट्टी नाही. तुम्ही सगळ्यात जवळ होतात म्हणून सगळे तुमच्याकडे पाहतात. तुमच्या कानात फक्त तुमचाच श्वास होता, पण हे बोलायची सोय नाही. शेवटी कडेला बसलेला एक म्हातारा निकाल देतो: "पुन्हा जा." तो गडी पुन्हा जातो.

भांडणाला दुसरंही कारण आहे. बाद झालेल्यानं परत यायचं की नाही? खेळाच्या संजीवनी या प्रकारात समोरचा एक मेला की आपला एक जिवंत होतो. गामिनीत मेलेला मेलाच. अख्खा संघ संपून लोण चढेपर्यंत बाहेर बसायचं. अमरमध्ये कोणी बाहेर जातच नाही, नुसते गुण मोजायचे. वरूडचे गडी एक धरून येणार आणि इथले दुसरंच, मग अर्धी रात्र ठरवण्यातच जाणार.

1923

आता पटकन पुढे या. साताऱ्याला 1918 च्या सुमारास नियम बसवायचा खटाटोप सुरू झाला. 1923 मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्यानं नियम छापले आणि अखिल भारतीय सामने भरवले. शेंदूरजनाघाटच्या खळ्यावर ते पुस्तक लगेच पोचेल, अशी आशा धरू नका. पण अमरावतीत वैद्य बंधूंनी 1914 मध्ये सुरू केलेल्या आखाड्याचं आता हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ होत चाललंय. तिथून शिकून बाहेर पडलेला माणूस खेळाबरोबर शिस्तही घेऊन निघतो.

1936

यावेळी गावात थांबू नका. बर्लिनला ऑलिंपिक भरलंय आणि त्या निमित्तानं जमलेल्या परदेशी प्रेक्षकांत तुम्ही उभे आहात. समोर अमरावतीच्या त्याच मंडळाची पोरं देशी खेळांची प्रात्यक्षिकं करताहेत. त्यात कबड्डीही आहे. शेजारच्या जर्मन माणसाला नियम कळत नाहीत, पण एकटा गडी समोरच्या अख्ख्या संघात शिरतोय, एवढं त्याला दिसतं आणि तो टाळ्या वाजवतो. दोनच वर्षांनी कलकत्त्याच्या राष्ट्रीय ऑलिंपिक सामन्यांत कबड्डीला जागा मिळते.

1952

1950 मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ निघाला. 1952 मध्ये मद्रासला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि 1955 मध्ये कलकत्त्याला महिलांची. मैदानावर सात गडी आणि डाव संजीवनीचा, हे पक्कं झालं. मेलेल्याला परत येता येतं, हा निकाल एकदाचा लागला. पुढे 1960 ला महाराष्ट्र झाला, तरी राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भाचा संघ वेगळाच उतरतो. वऱ्हाडी माणसाला यात नवल वाटत नाही.

1990

इथे मात्र निवांत थांबा. दिवाळी होऊन गेली आहे, आंबिया बहराची तोड चालू आहे आणि गावात पैसा खेळतोय. रात्रीचे सामने आहेत. दिवसा नर्सरीत रोपांवर कलमाचे डोळे भरणारी पोरं संध्याकाळी माती चाळून, पाणी मारून मैदान बसवतात. गोटा राहिला तर गुडघा गेला, म्हणून चाळणी दोनदा. मग फक्कीच्या रेघा: मध्यरेषा, निदानरेषा. कडेला कापसाच्या वजनकाट्यावर एकेक गडी चढतोय. वजनगटात बसायचं म्हणून सकाळपासून पाण्याचा घोट न घेतलेला एक जण काट्याकडे डोळे लावून उभा आहे.

शिट्टीवाला पंच आलाय, टेबलावर गुणलेखक बसलाय, भोंग्यावर समालोचन चाललंय. याच साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी पहिल्यांदा पदकाचा खेळ म्हणून आली आणि भारतानं सुवर्ण जिंकलं, ही बातमी समालोचक दर डावाला एकदा सांगतो. तेवढ्यात चढाईबहाद्दर रेषेवर पालथा पडतो, पंच हात वर करतो आणि दोन्ही गावं एकदम उठतात.

"दम तुटला ना बे! मी येथीसा उभा होतो!"

पंच्याहत्तर वर्षांनी तुम्हाला हा आवाज ओळखीचा वाटतो. फरक एवढाच, की आता पंचाचा शब्द शेवटचा. निदान दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तरी.

2014 आणि पुढे

26 जुलै 2014. मुंबईत प्रो कबड्डी सुरू होते. मैदान मातीचं नाही, मॅटचं. चढाईला तीस सेकंदांचं घड्याळ लागलं आणि लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'करो या मरो'. चढाई संपायला आता दम तुटायची वाट पाहावी लागत नाही. शेंदूरजनाघाटातली पोरं मोबाइलवर पकड पाहतात आणि संध्याकाळी तशीच मारून बघतात.

मग भांडण मिटलं का? 7 ऑक्टोबर 2023 ला चीनमधल्या हांगझोऊला चला. आशियाई स्पर्धेची अंतिम लढत, भारत आणि इराण 28-28. पवन सेहरावत चढाईवर गेला आणि कोणाला न शिवता लॉबीत, म्हणजे कडेच्या पट्ट्यात, गेला. त्याच्यामागे इराणचे बचावपटूही गेले. गुण कोणाला आणि किती? कॅमेरे आहेत, पंच आहेत, छापलेले नियम आहेत. तरी सामना सुमारे तासभर थांबला. कधी एक संघ मैदानात बसतो, कधी दुसरा. भारतानं 33-29 नं सुवर्ण घेतलं, पण त्या तासात तुम्हाला खळ्यावरचा म्हातारा नक्की आठवला असेल.

माझं म्हणणं इतकंच, की या भांडणांनीच कबड्डी घडवली. नियमाच्या पुस्तकातलं प्रत्येक कलम कुठल्या तरी मैदानावर झालेल्या तंट्यातून आलंय. बडोदा, मद्रास, बीजिंग यांच्या नोंदी आहेत. गावोगावच्या सामन्यांच्या मात्र फारशा नाहीत. त्या आहेत मंदिराच्या खोलीत धूळ खात पडलेल्या शील्डांवर आणि सत्तरी ओलांडलेल्या गड्यांच्या डोक्यात. तुमच्या गावात असा एखादा गडी असेल तर वही-पेन घेऊन त्याच्याकडे जा. कोण जिंकलं ते नंतर विचारा. आधी विचारा, तंटा कशावरून झाला होता आणि तो मिटवला कोणी.