रात्रीत टाकी रिकामी होते? गळती अशी शोधा

गच्चीवरची १००० लिटरची टाकी रात्री भरली, सकाळी बघतो तर अर्धी. भिंतीला ओल नाही, नळही टपकत नाही. मग पाणी जातं कुठे? कोडमधला बग शोधतात तसंच करायचं: एकेक भाग बंद करून बघायचा.

रात्री टाकीतल्या पातळीचा फोटो काढा आणि घरात उतरणाऱ्या पाइपचा व्हॉल्व्ह बंद करा. (सोसायटीत असाल तर आधी सांगून ठेवा, नाहीतर सकाळी अख्खी बिल्डिंग दारात!) सकाळी पुन्हा फोटो. पातळी तशीच असेल तर गळती घरात आहे. पहिला संशय फ्लश टँकवर घ्या. त्यातलं तळाचं रबर झिजलं की पाणी गुपचूप कमोडमध्ये उतरत राहतं. मिनिटाला १ लिटर धरलं तरी ८ तासांत ४८० लिटर! फ्लश टँकमध्ये खायचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. कमोडमध्ये रंग दिसला की चोर सापडला.

व्हॉल्व्ह बंद असूनही पातळी उतरली तर खरी गंमत. पंपाकडून वर येणाऱ्या पाइपचं तोंड टाकीतल्या पाण्यात बुडलेलं असेल आणि खालचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह खराब असेल, तर पाणी त्याच पाइपने उलटं हौदात जातं. खूण सोपी आहे: पातळी पाइपच्या तोंडापाशी येऊन थांबते. पाइप पाण्याच्या वर उघडत असेल तर हे शक्यच नाही, मग टाकीलाच तडा गेलाय का बघा.

प्लंबर भिंत फोडायची म्हणाला, तर आधी त्याला हे फोटो दाखवा.